गोदामाच्या खोलीतली गोरसी

त्या खोलीत आम्ही दोघं राहायला गेलो आणि पुढे पदवी मिळाली ती मला एकट्यालाच. दुसऱ्याचं तिथं काय झालं आणि त्यात माझा हात किती होता, हे त्याच्या घरच्यांना सांगायला मला चार वर्षं लागली.

आमचं गाव केशोरीच्या अलीकडे, जंगलाला लागून. घरी धानाची शेती. मॅट्रिक झालेला मी घरातला पहिला, त्यामुळे पुढे शिकायला गोंदियाला जायचं ठरलं तेव्हा आईला मी परमुलखात निघालो असंच वाटलं. एक दिवस बैलगाडीनं अर्जुनीपर्यंत आणि तिथून छोट्या लाइनीच्या गाडीनं गोंदिया. बरोबर तांदळाचं पोतं, लाखोळीची डाळ, भात शिजवायचा एक गंज, दोन ताटल्या आणि बा.

कॉलेजचं वसतिगृह भरलेलं होतं. बा आणि मी खोली शोधत फिरलो. गोंदियात बोलणं सगळं हिंदीत, आणि बाला हिंदी फक्त बाजारापुरती यायची. तीन घरांनी आम्हाला परत पाठवलं. तिसऱ्या घरी दारातच विचारलं, "मच्छी खाते हो?"

बा म्हणाला, "खातो नं बाप्पा. तलावाच्या गावचे लोक आम्ही, मच्छी नाही खानार त का खानार?"

दार लागलं. मी म्हटलं, "बा, नाही म्हनायचं होतं."

"खोटं बोलून घरात शिरशीन, अन् मंग चार वर्स खोटंच शिजवशीन का?" बा म्हणाला आणि पुढे चालू लागला.

चौथं घर एका म्हाताऱ्या बाईचं होतं. नवरा वारला होता, तो धान्याचा व्यापारी. सगळे तिला अम्मा म्हणत. घराच्या मागे भातगिरणीच्या भिंतीला लागून एक खोली होती, पूर्वीचं गोदाम. तिथं आमच्यासारखीच आणखी एक जोडी उभी होती: पांढरा फेटा बांधलेले एक शेतकरी आणि माझ्याच वयाचा त्यांचा मुलगा. ते दवनीवाड्याकडचे पोवार. दोन्ही बाप ओट्यावर बसले, कुणाचं धान कसं आहे ते बोलले, आणि उठले तेव्हा आम्ही दोघांनी मिळून राहायचं ठरलेलं होतं.

अम्माला ते फार आवडलं. ती म्हणाली, "दो हैं तो ठीक है. अकेला लड़का अब मैं नहीं रखती."

"अब" या शब्दाकडे तेव्हा कुणाचं लक्ष गेलं नाही. भाडं कमी होतं आणि मच्छीबद्दल तिनं विचारलं नव्हतं.

खोली मजबूत होती. उंदीर शिरू नयेत, ओल येऊ नये म्हणून त्या व्यापाऱ्यानं ती मुद्दाम तशी बांधून घेतली होती. भिंतींना आतून सिमेंटचा गिलावा, वर कवेलू नाहीत तर पक्की गच्ची, गिरणीच्या बाजूला एकच खिडकी आणि जाड सागवानी दार. दाराला आतून नुसता एक लाकडी अडणा, तोही मोडका. खरी कडी बाहेरून होती, हाताच्या अंगठ्याएवढी जाड. गोदामाला आतून कडी कशाला लागते?

आमच्या आधीचा कुणीतरी विद्यार्थीच असावा. भिंतीवर पेन्सिलीनं वेळापत्रक काढलेलं होतं, सोमवार ते शनिवार, अक्षर फार सुंदर. त्याखाली इंग्रजीत काही सूत्रं. एक सूत्र अर्धंच लिहिलेलं. जमिनीवर, दोन खाटांच्या मधोमध, ताटाएवढा काळा गोल डाग होता. आम्ही तो राखेनं घासला, विटेनं घासला. गेला नाही.

मी अम्माला विचारलं, "आधी इथं कोण राहायचं?"

"था एक. पढ़ता बहुत था," ती म्हणाली आणि गाईला पाणी दाखवायला गेली.

आमचं चांगलं जमलं. तो हुशार होता, माझ्यापेक्षा कितीतरी. त्याला डॉक्टर व्हायचं होतं. दवनीवाड्याच्या आसपास तेव्हा साप चावला की गोंदियाला आणेपर्यंत माणूस जायचा. त्याची मोठी बहीण तशीच गेली होती. त्यामुळे इंटरला चांगले मार्क पडणं हे त्याच्या दृष्टीनं परीक्षेपुरतं नव्हतं. त्याचे पूर्वज माळव्यातून आलेले, तिथल्या राजांचे वंशज म्हणवणारे, म्हणून मी त्याला राजे म्हणायचो. सकाळी विहिरीवर जायची पाळी त्याची असली की मी खाटेवरूनच हाक मारायचो, "काय राजे, माळव्याहून आलात ते पाणी भरायला की झोपायला?" तो मला जंगली म्हणायचा. "जंगली, भातात मीठ घातलंस की वाघाला घातलंस?" एक आठवडा भात तो लावायचा, एक आठवडा मी. भांडण झालं ते फक्त कंदिलाची काच कोणी फोडली यावरून.

खिडकीचा मात्र त्रास होता. गिरणी सुरू झाली की धानाच्या भुशाची बारीक कूस वाऱ्याबरोबर आत यायची. पुस्तकावर, भातावर, अंथरुणावर. डोळे चुरचुरायचे. शेवटी मी युक्ती काढली. भाताची पेज आटवून लेई केली आणि खिडकीच्या सगळ्या फटींना जुनी वर्तमानपत्रं चिकटवून टाकली. दाराखाली पोतं गुंडाळून ठेवलं. कूस थांबली. राजे खूश झाले. म्हणाले, "जंगली, तू इंजिनीअर हो."

दिवाळीच्या सुट्टीत मी गावी गेलो. परत निघताना आईनं गवताच्या चुंबळीत बांधलेली एक वस्तू माझ्या हातात दिली. गोरसी. आमच्याकडे थंडीत घराघरात असते ती मातीची पसरट शेगडी. खाली भुसा दाबायचा, वर गोवरीचे निखारे ठेवायचे. हळूहळू जळत राहते, विझत नाही. बाळंतिणीच्या खाटेखाली तीच, म्हाताऱ्याच्या पायाशी तीच. मी स्वतः जन्मल्यावर सव्वा महिना त्याच गोरसीवर शेकलो होतो.

मी म्हटलं, "माय, गाडीत फुटंल."

"मांडीवर घेऊन बस. थंडीत काऊन कुडकुडत राहतं तिथं? अभ्यास का बर्फावर बसून करशीन?"

मी ती मांडीवर घेऊन आलो. खोलीत ठेवायला जागा शोधायची गरज पडली नाही. तो काळा गोल डाग होता तिथंच ती बसली, जशी काही त्याच मापाची केली होती.

भुसा गिरणीतून फुकट मिळायचा. संध्याकाळी आम्ही गोरसी अंगणात पेटवायचो, धूर सगळा निघून जाऊ द्यायचो, निखारे लाल झाले की आत आणायची. आमच्या घरची हीच रीत. धूर वाईट असतो, निखारा वाईट नसतो, एवढं ज्ञान आम्हाला पिढ्यान्‌पिढ्यांचं होतं.

पंधरा दिवसांत राजांचं डोकं दुखायला लागलं. सकाळी उठला की मळमळायचं. माझंही दुखायचं, पण मी सकाळी लवकर उठून विहिरीवर जायचो, तिकडे गेल्यावर बरं वाटायचं. तो उशिरापर्यंत जागून वाचणारा, सकाळी त्याला उठवत नसे. एकदा तो म्हणाला, "यार, मला रात्री छातीवर कोणीतरी बसल्यासारखं होतं. ओरडायला जातो तर आवाज निघत नाही."

मी हसलो. "तुझं पुस्तक असंल. जीवशास्त्राचं."

तो हसला नाही. एका रविवारी तो दवनीवाड्याला गेला आणि ठणठणीत होऊन आला. दोन दिवसांत पुन्हा तेच. मग शेजारची बाई एकदा विहिरीवर मला म्हणाली, "वो कमरा ठीक नहीं है, बेटा. पहले वाला लड़का वहीं सोया और उठा ही नहीं. दो साल हुए."

मी हे राजांना सांगायला नको होतं. सांगितलं. त्यानं भिंतीवरच्या वेळापत्रकाकडे पाहिलं आणि खाट दुसऱ्या बाजूला सरकवली. त्यानं घरीही कळवलं. पुढच्या खेपेला त्याच्या आईनं गावातल्या जाणत्याकडून आणलेला काळा दोरा पाठवला, आणि निरोप: तिन्हीसांजेनंतर दार-खिडकी उघडी ठेवू नका, आत विस्तव असू द्या, विस्तवावर ऊद टाका. विस्तव असला की ते जवळ येत नाही.

आम्ही सांगितलं तसं केलं. सायन्सचे विद्यार्थी होतो, तरी केलं. गोरसीत भुसा जास्त दाबू लागलो. दाराखालचं पोतं नीट बसलंय का ते झोपण्याआधी दोनदा पाहू लागलो. आणि राजांचा चेहरा दिवसेंदिवस उतरत गेला. मार्क जातील म्हणून तो जास्त वाचायचा, जास्त वेळ खोलीत बसायचा. दुसरी खोली बघू या, असं मी एकदा म्हटलं. तो म्हणाला, "परीक्षा होऊ दे. आता सामान घेऊन फिरलो तर पंधरा दिवस वाया."

तो दिवस पौषातला. राजांना ताप होता, अंगात हुडहुडी भरली होती. माझं त्या सकाळी रसायनशास्त्राचं प्रॅक्टिकल होतं, चुकवता येण्यासारखं नव्हतं. आमच्या दोघांच्या तुकड्या वेगळ्या. त्याचं दुसऱ्या दिवशी होतं.

मी म्हटलं, "मी थांबतो."

"जा रे जंगली. माझ्या तापानं तू कशाला नापास होतोस? फक्त विस्तव जरा जास्त घाल."

मी गोरसी काठोकाठ भरली. धूर जाऊ दिला. आत आणून त्याच्या खाटेजवळ ठेवली, माझीही गोधडी त्याच्या अंगावर टाकली. निघालो तर वाऱ्यानं दार आपोआप उघडलं. अडणा मोडका, आतून पोतं दाबून बसवायला कोणी नाही, दार बंद राहीना. थंड वारा सरळ त्याच्या अंगावर जात होता. मग मी दार ओढून घेतलं आणि बाहेरून कडी लावली. कडी लागल्याचा आवाज मला अजून ऐकू येतो.

प्रॅक्टिकल चांगलं झालं. दुपारी परत आलो. येताना त्याच्यासाठी दोन संत्री घेतली होती. अंगणातून हाक मारली, "राजे, उठा, नजराणा आलाय."

कडी काढली, दार ढकललं. दार पुरतं उघडेना. आतून काहीतरी आड आलं होतं. फटीतून पाहिलं तर तोच होता. खाटेवरून दारापर्यंत तो आला होता आणि तिथं पडला होता. एक हात वर, दाराच्या फळीवर टेकलेला.

मी ओरडलो ते गिरणीपर्यंत गेलं असावं. गिरणीचा बॉयलर सांभाळणारा म्हातारा धावत आला. त्यानं मला बाजूला सारलं, खांद्यानं दार रेटलं, राजांच्या काखेत हात घालून त्याला ओढत अंगणात आणलं. मग आत जाऊन पायानं ती गोरसी बाहेर लोटली आणि फावड्याच्या दांड्यानं माझी चिकटवलेली खिडकी फोडली. बाहेर येऊन राजांच्या छातीवर कान ठेवला, तोंडावर पाणी मारलं, हात वरखाली केले. बऱ्याच वेळानं राजांच्या घशातून घरघर आली.

तेव्हा तो म्हातारा माझ्याकडे वळला. "अंदर आग, और दरवाज़ा बंद? पढ़े-लिखे हो कि क्या हो?"

मी म्हटलं, "धूर काढला होता, बाबा. धूर अजिबात नव्हता."

"धुएँ से तो आदमी खाँस के उठ जाता है. मारती वही है जो दिखती नहीं. बॉयलर पर तीस साल हो गए मुझे." त्यानं खोलीतल्या काळ्या डागाकडे बोट दाखवलं. "पिछला लड़का भी सिगड़ी यहीं रखता था. उसको भी मैंने ही निकाला था. बोला था सबको. कोई सुनता है? सब बोले, भूत है."

अम्मा ओट्यावर उभी होती. तिनं पदर तोंडाला लावला आणि आत गेली.

राजांना सायकलरिक्षात घालून सरकारी दवाखान्यात नेलं. मी बाहेर बाकावर बसलो होतो, हातात ती संत्री तशीच. तिथं बसल्यावर मला आठवलं. दिवाळीआधीच्या सहामाहीत हाच प्रश्न होता. कोळसा अपुऱ्या हवेत जळला की कोणता वायू तयार होतो, त्याचे गुणधर्म लिहा. मी इंग्रजीत लिहिलं होतं: रंग नाही, वास नाही, अत्यंत विषारी, रक्तातल्या लाल द्रव्याशी संयोग पावतो. पैकीच्या पैकी मार्क होते. सरांनी माझा पेपर वर्गात दाखवला होता. त्या सरांचे माझ्यावर फार उपकार आहेत, त्यांनी शिकवण्यात काही कसूर ठेवली नव्हती. पण तो वायू पुस्तकातला होता, आणि गोरसी आईनं दिलेली होती. या दोन गोष्टी एकाच खोलीत असू शकतात, हे मला सुचलंच नाही.

तो वाचला. पण पूर्वीसारखा झाला नाही. हात कापायचे. वाक्य सुरू करायचा आणि मधेच थांबून माझ्याकडे पाहायचा, जणू उरलेलं मला माहीत असावं. त्याचे वडील बैलगाडी घेऊन आले, त्याची पेटी आणि पुस्तकं उचलली. माझ्या डोक्यावरून हात फिरवून म्हणाले, "तू होतास म्हणून पोरगं हाती लागलं." मी त्यांच्या पाया पडलो. कडीबद्दल बोललो नाही.

उन्हाळ्यात एकदा त्यांच्या घरी गेलो. तेव्हाच कळलं की गावात सगळ्यांनी एक गोष्ट धरून ठेवली होती: पोरगं दारापर्यंत गेलं, पण त्या खोलीतल्यानं बाहेरून दार धरून ठेवलं. राजांची आई हे सांगताना माझ्याकडे बघत होती. मी मान हलवली. तिला ते होकारासारखं वाटलं असेल.

माझ्या आईनं विचारलं, "गोरसी कामी आली का रे?" मी म्हटलं, "आली." फुटली, असं नंतर सांगितलं.

पुढची वर्षं मी वसतिगृहात काढली. बी. एस्सी. झालो, तिरोड्याच्या एका शाळेत मास्तर म्हणून लागलो. आमच्या घरात एवढं कोणी शिकलं नव्हतं. बा गावभर सांगत फिरला. दिवाळीत पेढे घेऊन मी दवनीवाड्याकडे गेलो.

सकाळची वेळ होती. अंगणात राजे बसले होते, समोर धानाची पेंढी, दोर वळणं चाललं होतं. मला ओळखलं. "जंगली," म्हणाले, आणि थांबले. वडील शेतावर गेले होते. त्यांची आई बाहेर आली, पेढे देवापुढे ठेवले आणि मला आत बोलावलं. पडवीत एक पेटी बांधून तयार होती. तांदूळ, डाळ, चादर. धाकटा मुलगा आषाढात कॉलेजला लागला होता, सुट्टी संपवून दुसऱ्या दिवशी गोंदियाला परत जायचा होता.

"खोली चांगली पाहिली आहे," त्या आपल्या पोवारी बोलीत म्हणाल्या. "आम्ही आधी चौकशी केली. तिथं काही नाही. आजवर कुणी मेलेलं नाही. नवीन, पक्की खोली आहे."

पेटीशेजारी गवताच्या चुंबळीत एक गोरसी होती.

मी खाली बसलो. पाणी दिलेलं होतं ते प्यायलो. मग म्हटलं, "काकी, ही पाठवू नका."

"का?"

"त्या खोलीत काही नव्हतं. याच्यातल्या विस्तवानं झालं. पक्क्या खोलीत, दार-खिडकी लावून ही ठेवली की माणूस मरतो. त्याआधीचाही मुलगा तसाच गेला."

त्या माझ्याकडे बघत राहिल्या. "माझी पाच बाळंतपणं गोरसीवर झाली. विस्तवानं कधी कोणी मेलं का, बाबू? आणि मग दार कोणी धरलं होतं?"

हाच प्रश्न मी चार वर्षं टाळला होता. मी म्हटलं, "कोणी धरलं नव्हतं. वाऱ्यानं उघडत होतं म्हणून बाहेरून कडी मी लावली होती. मी परीक्षेला गेलो होतो."

त्यांचा हात चुंबळीवर होता, तो तिथंच राहिला. शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

दारात राजे येऊन उभे होते. कधी आले ते कळलं नाही. सगळं ऐकलं असावं. ते हळूहळू, एकेक शब्द शोधत म्हणाले, "कडी... मला वाजत होती. मी ओढलं की वाजायची." मग माझ्याकडे वळले. "मी आईला सांगितलं होतं, भूत कडी वाजवत नाही."

मग ते पुढे आले, वाकले आणि दोन्ही कापत्या हातांनी ती चुंबळ उचलली. आई "अरे, पडेल" म्हणून उठली, पण त्यांनी सोडली नाही. अंगणात नेऊन, गोठ्याच्या भिंतीपाशी, उघड्यावर ठेवली. तिथून म्हणाले, "इथं राहू दे."

आई पेटीपाशी तशीच उभी होती. तिनं पेटीतून चादर काढली, तिथं आतून दुसरी जाड गोधडी आणून ठेवली आणि पेटी पुन्हा बांधली. माझ्याकडे एकदाही पाहिलं नाही.

मी निघालो. मला जेवून जा असं कोणी म्हटलं नाही. राजे दोर वळायला बसले होते, मी जवळून गेलो तरी त्यांनी मान वर केली नाही. आज त्यांचा धाकटा भाऊ शिकतो आहे, तो घरी येतो तेव्हा मला कधी भेटून जातो. मी त्याला दर वेळी खोलीबद्दल विचारतो: खिडकी उघडते का, आणि कडी कुठल्या बाजूला आहे.